रिकामी जागा

गेल्या उन्हाळ्यात माहेरच्या जुन्या घराची वाटणी करायचं ठरलं. घर सीमाभागातल्या एका लहान गावात आहे, निपाणीपासून फार लांब नाही. मोजणी झाली, नकाशा तयार झाला. धाकट्या चुलतभावानं त्यावर पेन्सिलीनं खोल्यांची नावं लिहिली आणि नकाशा माझ्यासमोर पसरला. सोपा, माजघर, देवघर, सैपाकघर, न्हाणी, कडब्याची खोली, परडं. सगळं व्यवस्थित होतं. फक्त मागच्या दाराजवळ, माडीच्या जिन्याखाली एक लहान चौकोन होता, आणि त्यात लिहिलं होतं, 'रिकामी जागा'.

ती जागा मी तरी कधी रिकामी पाहिली नाही. आज्जी, दोन काकू, आई, आत्ती आणि पुढं आम्ही मुली, महिन्यातले तीन दिवस पाळीपाळीनं तिथंच बसलो. एक चटई, एक तांब्या, वेगळं ताट आणि कोनाड्यात पदर लावून ठेवलेल्या घड्या. कुणी विचारलं तर मुलांना सांगायचं, कावळा शिवलाय.

मी त्या दिवशी काही बोलले नाही. पण नकाशावरचे ते दोन शब्द डोक्यातून जाईनात. त्याच सुमारास तत्त्वज्ञानात एम. ए. करणारी माझी भाची सुट्टीला आली होती. तिला हा किस्सा सांगितला तर ती म्हणाली, "मावशी, गेल्या साठ-सत्तर वर्षांत मोठमोठ्या लोकांनी हेच तर लिहिलंय. जागा कधी रिकामी नसते म्हणून." तिनं माझ्याकडे चार-पाच पुस्तकं आणि एक झेरॉक्स ठेवली. मी ती अख्खा पावसाळा वाचत होते. माझं इंग्रजी बेताचं, त्यामुळे कोश शेजारी घेऊन वाचलं. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे. मी प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारला : आमच्या जिन्याखालची ती जागा तुमच्याकडे कुठं बसते?

जुना वाद थोडक्यात सांगते. जागा म्हणजे काय, यावर १७१५-१६ मध्ये युरोपात पत्रांतून एक मोठं भांडण झालं. एका बाजूला न्यूटनचा पक्ष घेणारे क्लार्क, दुसऱ्या बाजूला लाइब्निझ. आपल्या भाषेत सांगायचं तर न्यूटनच्या मते जागा हा एक डबा आहे. आत काही असो नसो, डबा आहेच. लाइब्निझ म्हणाले, डबा वगैरे काही नाही. वस्तू एकमेकींच्या शेजारी ज्या क्रमानं असतात, त्या क्रमालाच आपण जागा म्हणतो. पुढं १७८१ मध्ये कांटनं तिसरीच गोष्ट मांडली. जागा ही बाहेर सापडणारी चीजच नाही, आपल्या पाहण्याच्या रीतीतच ती आहे. जग पाहायचं तर आपल्याला ते जागेतच पाहता येतं.

हे वाचताना पाठशाळेतली सहा द्रव्यं आठवल्याशिवाय कशी राहतील? जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश आणि काल. यातल्या आकाशाचं काम एकच, अवगाह देणं, म्हणजे सामावून घेणं. जिथं बाकीची द्रव्यं आहेत ते लोकाकाश आणि त्यापलीकडे जिथं दुसरं काहीच नाही ते अलोकाकाश. आपल्याकडच्या व्याख्यानांत लगेच सांगतात की पाश्चात्त्यांना आत्ता कळलेलं आपल्याला आधीच ठाऊक होतं. मला ती घाई पटत नाही. आपलं आकाश हे खरंखुरं, अनंत आणि स्वतः काही न करणारं द्रव्य आहे. त्या अर्थानं ते न्यूटनच्या डब्याला जवळचं आहे. ज्यांच्याविषयी मी पुढं लिहिणार आहे त्या आधुनिकांना हा डबाच मान्य नाही. तेव्हा त्यांचं आणि आपलं एकच आहे असं म्हणणं दोघांवरही अन्याय करणारं होईल.

पण एक गोष्ट मला आपल्या आकाशातूनच मिळाली. आकाश कुणालाही अडवत नाही. ते सर्वांना सारखाच अवकाश देतं, जीवाला आणि अजीवालाही. मग जिन्याखालचं चार फूट बाय सहा फूट कुणी आखलं? आकाशानं तर नाही. म्हणजे ही वाटणी माणसांची आहे, आणि माणसांच्या वाटणीचा हिशेब मागता येतो. तो मागण्यासाठी मला या नव्या लोकांकडं जावं लागलं.

पहिलं पुस्तक बाशलारचं, १९५७ सालचं, घर आणि जागा यांच्या काव्याविषयीचं. हा माणूस मला आवडला. तरुणपणी टपाल खात्यात नोकरी केलेला, बायको लवकर गेल्यावर एकुलत्या मुलीला वाढवलेला, विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवणारा. तो घराकडं भूमितीनं पाहत नाही, आठवणीनं पाहतो. माळा, तळघर, कपाटं, खण, घरटं, शिंपला. प्रत्येक जागेत माणसाचं मन कसं राहतं ते तो सांगतो. पॅरिसमधल्या एकावर एक रचलेल्या फ्लॅटांविषयी तो हळहळतो, कारण त्यांना मुळंच नाहीत. मोलकरणीनं किंवा गृहिणीनं पुसून चकचकीत केलेल्या लाकडी सामानाविषयीही त्यानं आदरानं लिहिलंय. घर आतून बायका बांधतात, असं त्याला वाटतं. इतकं म्हणणारे पुरुष थोडेच.

कोपऱ्यावर त्याचं अख्खं प्रकरण आहे. मी ते मोठ्या आशेनं उघडलं. त्याचा कोपरा म्हणजे आसरा. माणूस तिथं अंग चोरून बसतो, गप्प होतो, स्वतःशी भेटतो. वाचताना वाटलं, खरंय. मग वाटलं, पण या कोपऱ्यात तो आपणहून गेलाय. जेवायला हाक आली की तो उठून पंगतीत बसणार. 'तिथंच बस, शिवू नको' असं त्याला कुणी म्हटलेलं नाही. निवडलेला कोपरा आणि नेमून दिलेला कोपरा यांत जो फरक आहे, त्याची या पुस्तकात नोंदच नाही. बाशलारच्या घरात स्वप्न पाहायला वेळ असलेला एकच माणूस राहतो. आमच्या घरात सतरा माणसं होती.

आता इतिहासकारांकडं येऊ. इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं सनावळी येते. जागा म्हणजे नुसतं रंगमंचाचं लाकूड, ज्यावर राजे येऊन लढून जातात. फ्रेंच इतिहासकार ब्रोदेलनं हे उलटं केलं. १९४० मध्ये तो जर्मनांच्या कैदेत पडला आणि भूमध्य समुद्रावरच्या आपल्या प्रचंड ग्रंथाचा बराचसा मजकूर त्यानं त्या कैदेतच, आठवणीवर विसंबून लिहिला. ग्रंथ १९४९ मध्ये आला. विषय स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचा काळ, पण पहिला मोठा भाग डोंगर, मैदानं, वारे, मेंढपाळांच्या वाटा आणि समुद्रानं व्यापलेला. लढाया आणि राजाचा मृत्यू शेवटी येतात. भूगोल हाच सगळ्यांत संथ चालणारा इतिहास, असं त्याचं म्हणणं.

ही दृष्टी मोठी आहे यात शंका नाही. पण मला तिची एक भीतीही वाटली. काळ इतका संथ केला की जे आहे ते डोंगरासारखं कायमचं वाटायला लागतं. आज्जीही असंच म्हणायची, "पूर्वापार चालत आलंय ग." म्हणून यंदा मी नव्वदीच्या काकूंना मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, "कसलं पूर्वापार? माडी बांधली तवा जिना झाला, जिना झाला तवा ती जागा झाली. त्याच्या आधी आमी गोठ्यात बसायचो." म्हणजे आमच्या पूर्वापाराला एक तारीख होती, आणि ती माडीच्या बांधकामाची होती! रूढी जुनी खरी, पण तिची जागा दर पिढीला कुणीतरी नव्यानं बांधत होतं.

काकूंचं हे वाक्य मी लफेव्हरच्या पुस्तकाच्या कडेला लिहून ठेवलंय. लफेव्हरचं पुस्तक १९७४ चं, आणि त्याचा गाभा हाच आहे : जागा आयती नसते, प्रत्येक समाज आपली जागा घडवतो. तो तीन पदर सांगतो. रोजच्या जाण्यायेण्यातून, कामातून उभी राहणारी जागा हा एक. नकाशे काढणाऱ्यांच्या, आखणाऱ्यांच्या डोक्यातली जागा हा दुसरा. आणि लोक जिच्यात प्रत्यक्ष राहतात, जिला आठवणी, भीती, पवित्रता चिकटलेली असते ती तिसरी. हे मला इतकं सरळ लागू पडलं की मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसले. 'रिकामी जागा' हे शब्द दुसऱ्या पदरातले. चटई आणि तांब्या पहिल्यातले. आणि त्या जिन्याखालून आजही जाताना माझं अंग आपोआप आक्रसतं, ते तिसऱ्यातलं.

सीमाभागातल्या माणसांना हे तीन पदर समजावून सांगायला नकोत. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचं घर जिथल्या तिथं राहून मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. कागदावर एक रेघ सरकली. मग १९६६ चा महाजन आयोग, १९६७ चा अहवाल, आंदोलनं, गोळीबार, खटला. या रेघेचा इतिहास दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिला गेलाय आणि तो लिहायलाच हवा होता. पण त्यात बायकांची जागा फारशी सापडत नाही. माझ्या आईचं माहेर रेघेच्या अलीकडं, तिच्या दोन बहिणींची सासरं पलीकडं. जमिनीची पहाणी कन्नडमध्ये, आईचं वाचन मराठीत. १८९९ मध्ये जिथं दक्षिणेतल्या जैनांची सभा स्थापन झाली त्या स्तवनिधीच्या यात्रेला मात्र दोन्हीकडची माणसं तशीच येत राहिली. लफेव्हर असता तर म्हणाला असता, रेघ एक जागा घडवते आणि यात्रा दुसरी. दोन्ही खऱ्या असतात.

बाईच्या अंगानं भूगोल वाचायचं काम मात्र त्याच्याही आधी आपल्याच भाषेतल्या एका बाईनं केलं होतं. इरावती कर्वे यांचा भारतातल्या नातेसंबंधांवरचा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये आला. त्यांनी देशाचे विभाग पाडले ते नात्यांच्या रीतीवरून. उत्तरेत मुलगी लांब, अनोळखी घरात द्यायची. दक्षिणेत मामा, आत्या अशा ओळखीच्या घरात द्यायची. महाराष्ट्र या दोहोंच्या मधे. म्हणजे सासरचं अंतर कोसांत मोजण्याऐवजी त्यांनी ओळखीत मोजलं. जागा म्हणजे नात्यांचा क्रम, हे लाइब्निझचं म्हणणं बाईच्या आयुष्यात उतरवलं तर असंच दिसेल.

त्यांच्या विवेचनात दक्षिणेतली रीत मुलीला सोपी जाते, आणि ते बरोबरच आहे. आमच्या भागात आत्तीच्या घरात देणं नेहमीचं. माझ्या आईची सासू तिची सख्खी आत्ती. पण या ओळखीच्या घराला दुसरी बाजूही असते. आईनं ती जिन्याखालची जागा लग्नाआधीच पाहिली होती. लहान असताना सुट्टीला आली की आत्तीला तिथं ती दुरून पाणी द्यायची. परक्या घरात एखादी सून निदान मनात तरी म्हणू शकते, यांच्याकडची रीत विचित्र आहे. आईला तेही म्हणता आलं नाही. ओळखीच्या जागेविरुद्ध बोलणं जास्त अवघड असतं. देशाचा नकाशा हातात घेऊन चालणाऱ्या ग्रंथाकडून जिन्याखाली उतरण्याची अपेक्षा करू नये. ते काम आपलं, पुढच्यांचं.

आता ती झेरॉक्स. फुको यांनी १९६७ मध्ये पॅरिसला वास्तुशास्त्रज्ञांपुढं दिलेलं एक भाषण. ते छापलं गेलं १९८४ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी. एकोणिसाव्या शतकाला इतिहासाचं वेड होतं, आपला काळ मात्र जागेचा आहे, असं सांगून ते 'वेगळ्या जागां'विषयी बोलतात. स्मशान, तुरुंग, बाग, रंगभूमी, जहाज. समाजाच्या आतच असलेल्या पण समाजाचे नेहमीचे नियम जिथं उलटे होतात अशा जागा. त्यांची पहिली जात सांगताना ते म्हणतात की 'आदिम' म्हणवल्या जाणाऱ्या समाजांत वयात येणारी मुलं, पाळीतल्या बायका, गरोदर बायका, म्हातारी माणसं यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जागा असतात, आणि आपल्या समाजातून त्या आता नाहीशा होत चालल्या आहेत.

माझी पेन्सिल तिथंच थांबली. इतक्या पुस्तकांत शेवटी आमची जागा सापडली होती, आणि ती एका यादीतल्या दोन शब्दांत होती!

फुकोंची कल्पना मला उपयोगी वाटते, हे आधी कबूल करते. अशा जागांना आत येण्याबाहेर जाण्याचे नियम असतात, त्या उघड्याही नसतात आणि पुरत्या बंदही नसतात, हे त्यांचं निरीक्षण अचूक आहे. चौथ्या दिवशीची आंघोळ हा आमचा बाहेर पडायचा परवानाच होता. पण दोन हरकती आहेत. पहिली, 'आदिम' आणि 'नाहीशा होत चाललेल्या' या शब्दांची. १९८० च्या सुमाराला आमच्या घरात रेडिओ होता, दारात ट्रॅक्टर होता, थोरला भाऊ इंजिनिअरिंगला होता, आणि जिन्याखाली चटई होती. आधुनिक आणि जुनं एकाच छपराखाली, एकाच वेळी. दुसरी हरकत मोठी आहे. ते या जागेभोवती फिरून येतात, पण आत कोण काय करत बसलंय ते विचारत नाहीत.

आत काय होतं ते मी सांगते. आई तिथं वाचायची. जिनवाणीला हात लावायचा नाही, पण वाचनालयातल्या कादंबरीला सोवळं नसतं. एरवी पहाटेपासून रात्रीपर्यंत तिचे हात कामात. ते तीन दिवस हात मोकळे. मी गुपचूप पुस्तक बदलून आणून द्यायची आणि ती म्हणायची, "पुढचा भाग आहे का बघ." तिची सगळी वाचनाची हौस महिन्यातल्या तीन दिवसांत आणि जिन्यातून येणाऱ्या तिरप्या उजेडात भागली. म्हणून ती जागा चांगली होती का? नाही. माझं वय तेरा असताना मी तिथं रात्रभर रडलेय. अपमान आणि विसावा दोन्ही एकाच चटईवर होते, आणि कुठल्याही एकावर बोट ठेवून दुसरं पुसता येत नाही.

हे गुंतागुंतीचं ज्यांना सांगता आलं असतं त्या डोरीन मॅसी. इंग्लंडमधल्या भूगोलाच्या प्राध्यापिका. त्यांनी आपली एक आठवण लिहिलीय. नऊ-दहा वर्षांच्या असताना मँचेस्टरला बसच्या वरच्या मजल्यावरून जाताना मर्सी नदीकाठचं विस्तीर्ण मैदान दिसायचं, आणि ते सगळं फुटबॉल-रग्बीच्या मैदानांत वाटलेलं. एवढी मोठी जमीन, आणि अख्खी मुलांना दिलेली! हे त्या मुलीला तेव्हाच खटकलं. पुढं २००५ च्या पुस्तकात त्या म्हणतात, जागा म्हणजे एकाच वेळी चाललेल्या, अजून न संपलेल्या पुष्कळ कहाण्या. वाचलेल्यांत मला हेच सगळ्यांत जवळचं वाटलं. आईची कहाणी, काकूंची, माझी, आणि बाहेरून 'कावळा शिवलाय' ऐकून हसणाऱ्या भावाचीही. माझी तक्रार एवढीच की कहाण्या न संपलेल्या असल्या तरी वाटणीच्या कागदाला तारीख असते.

आणि या सगळ्यांना एक प्रश्न माझ्याकडून राहतो. वेगळी जागा म्हणजे वाईट जागा असं आहे का? मंदिरातल्या भिंतीवर लहानपणापासून पाहिलेलं समवसरण मला इथं उपयोगी पडलं. बारा कोठे. देवांचे, मुनींचे, आर्यिका-श्राविकांचा, मनुष्यांचा, पशूंचाही. प्रत्येकाची जागा वेगळी. पण मधे बसलेल्या तीर्थंकरांचं मुख चारी दिशांना दिसतं. म्हणजे वेगळं बसूनही कुणाच्या वाट्याला पाठ येत नाही. कुठलीही वेगळी जागा तपासायला हे माप मला पुरेसं वाटतं : तिच्याकडं तोंड आहे की पाठ? आमच्या घराचा सोपा रस्त्याकडं, देवघर पूर्वेकडं, आणि जिन्याखालच्या जागेकडं घराची पाठ होती. आता नकाशानंही पाठ फिरवली होती.

नकाशाबरोबर भावानं आणखी एक कागद आणला होता, हक्कसोडपत्र. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्याला, जैनांनाही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय. हे त्यालाही ठाऊक आहे. म्हणून तर सही पाहिजे. आमच्याकडं बहिणींनी सही करायची आणि भावानं साडीचोळी करायची, हीसुद्धा एक पूर्वापार रीत. जागेवर इतकी पुस्तकं वाचून झाल्यावर मला त्या कागदाकडं नुसता कागद म्हणून पाहता येईना.

गणपतीनंतर तो पुन्हा आला. मी म्हटलं, "सहीचं मागनं बघू. आधी नकाशा दुरुस्त कर. ती जागा रिकामी नव्हती."

तो कानकोंडा झाला. "मग काय लिहू आक्का? कागदावर असलं लिहितात व्हय?"

वहिनी चहा घेऊन येत होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "लिवा की. बाहेर बसायची जागा. आमी बसलोय न्हवं तितं?"

त्यानं खोडरबर मागितलं. 'रिकामी' खोडलं आणि त्या जागी लहान अक्षरांत लिहिलं. पेन्सिल बोथट होती, त्यामुळे जुने शब्द खालून अजून दिसतात. हक्कसोडपत्र माझ्या कपाटात आहे. सही केलेली नाही.